पत्तीयुक्त सुषिर वाद्यांतील नादनिर्मिती आणि हार्मोनियमचा वाद : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय संगीतशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग मानले जातात. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेले हे वर्गीकरण नादाच्या उगमस्थानावर आधारलेले असल्याने ते आजही उपयुक्त ठरते. मात्र सुषिर या एकाच वर्गात बासरी, सनई, पुंगी आणि हार्मोनियम अशी परस्परांहून अतिशय भिन्न प्रकृतीची वाद्ये एकत्र येतात. बासरीत पत्ती नसते. तेथे हवेचा झोत छिद्राच्या कडेवर आपटून नाद निर्माण होतो. उरलेल्या तीनही वाद्यांत हवेच्या मार्गात पत्ती असते आणि तिच्या कंपनातून नाद उमटतो. असे असूनही सनई एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर गळ्याप्रमाणे घसरत जाते, तर हार्मोनियमला ती गती साधत नाही. पत्तीच्या तत्त्वावर चालणाऱ्या दोन वाद्यांच्या स्वभावात एवढे अंतर का पडावे, हा केवळ भौतिकशास्त्राचा प्रश्न नाही. विसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासातील एका मोठ्या वादाचे मूळ याच प्रश्नात आहे.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम वगळली. हा निर्णय सुमारे तीन दशके टिकला. या वादावर आजवर झालेले लेखन मुख्यतः सांस्कृतिक अंगाने झाले आहे. हार्मोनियम परकी की स्वदेशी, अभिजात संगीतास पोषक की मारक, अशा स्वरूपात तो मांडला गेला. प्रस्तुत लेखात हा वाद ध्वनिशास्त्राच्या इतिहासाशी जोडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हार्मोनियमवरील आक्षेप एक नसून दोन होते. ते भिन्न कारणांतून उद्भवले होते. आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच हा वाद इतका दीर्घकाळ अनिर्णित राहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. पत्ती : हवेच्या मार्गातील झडप

पत्ती हवेला कंपित करते, एवढेच म्हटल्याने नादनिर्मितीचा उलगडा होत नाही. पत्तीच्या स्वतःच्या कंपनाचा आवाज अत्यंत क्षीण असतो. हार्मोनियममधील पितळी पत्ती बाहेर काढून नखाने छेडली, तर ती कानाजवळ धरल्याशिवाय नीट ऐकू येत नाही. तीच पत्ती भात्याच्या हवेवर मात्र सभागृह भरून टाकते. याचे कारण असे, की पत्ती ही प्रत्यक्ष नादाचा स्रोत नसून हवेच्या मार्गातील झडप आहे. ती दर सेकंदाला शेकडो वेळा मार्ग उघडते आणि मिटते. त्यामुळे अखंड वाहणारा हवेचा प्रवाह तुटक झोतांत विभागला जातो. या झोतांमुळे हवेच्या दाबात होणारे नियमित चढउतार म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा स्वर होय. प्रवाह असा एकदम सुरू व एकदम बंद होत असल्याने मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वरही प्रबळपणे निर्माण होतात. पत्तीयुक्त वाद्यांचा आवाज बासरीपेक्षा भरदार आणि धारदार वाटतो, तो यामुळेच.

पत्तीचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात पत्ती हवेच्या छिद्रापेक्षा मोठी असते आणि मिटताना त्याच्या कडांवर आपटते. क्लॅरिनेटची एकेरी पत्ती आणि पुंगीच्या नळ्यांतील पत्त्या या प्रकारच्या आहेत. ओबो आणि सनई यांत परस्परांसमोर बसविलेल्या पत्त्या एकमेकींवर मिटतात. तेही याच प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारातील पत्ती चौकटीच्या खाचेपेक्षा किंचित लहान असते. ती कडांना न आपटता खाचेतून आरपार झुलते. तिला मुक्त पत्ती म्हणतात. हार्मोनियम, ॲकॉर्डियन, माउथ ऑर्गन आणि चीनमधील शेंग ही मुक्त पत्तीची वाद्ये होत.

२. स्वर कोण ठरवितो? वेबर ते हेल्महोल्ट्झ

पत्ती ही झडप आहे हे मान्य केले, तरी ती सेकंदाला किती वेळा उघडमीट करावी हे कोण ठरविते, असा प्रश्न उरतो. पत्तीला स्वतःची लवचीकता व वजन असल्यामुळे तिची एक स्वाभाविक वारंवारता असते. तिला जोडलेल्या नळीतील वायुस्तंभाचीही स्वतःची वारंवारता असते. या दोहोंपैकी सत्ता कोणाची चालते, हा एकोणिसाव्या शतकातील ध्वनिशास्त्रापुढील एक महत्त्वाचा प्रश्न होता.

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांनी १८२७ साली हाले येथे सादर केलेल्या प्रबंधात याच विषयाचा, म्हणजे पत्ती असलेल्या ऑर्गनच्या नळ्यांतील संयुक्त कंपनांचा विचार केला. पुढे विद्युत्‌चुंबकत्वातील संशोधनामुळे विख्यात झालेल्या या शास्त्रज्ञाच्या उमेदीच्या काळातील हे कार्य होते. पत्ती आणि वायुस्तंभ यांचा स्वतंत्रपणे विचार करणे पुरेसे नाही. दोन्ही मिळून एक संयुक्त व्यवस्था बनते आणि प्रत्यक्ष स्वर त्या व्यवस्थेचा असतो, ही दृष्टी त्यांच्या अभ्यासातून पुढे आली.

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या स्वरसंवेदनांवरील ग्रंथात या विचाराला व्यापक रूप दिले. फुंकीच्या दाबाने मिटू पाहणाऱ्या आणि त्याच दाबाने उघडू पाहणाऱ्या पत्त्या असे दोन वर्ग त्यांनी केले. क्लॅरिनेट, ओबो यांच्या पत्त्या पहिल्या वर्गातील, तर तुतारीसारख्या वाद्यावर दाबलेले वादकाचे ओठ दुसऱ्या वर्गातील. पहिल्या वर्गातील पत्ती आपल्या स्वाभाविक वारंवारतेपेक्षा खालच्या स्वरात वाजते, दुसऱ्या वर्गातील तिच्यापेक्षा वरच्या स्वरात, असा नियम या विवेचनातून निघतो. अलेक्झांडर एलिस यांनी १८७५ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्या मार्गाने तो हिंदुस्थानातील अभ्यासकांपर्यंतही पोहोचला.

क्लॅरिनेटच्या उदाहरणाने हा नियम स्पष्ट होतो. त्याच्या वेताच्या पातळ पत्तीची स्वाभाविक वारंवारता दोन हजार हर्ट्‌झच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. पण सुमारे साठ सेंटिमीटर लांबीच्या त्या वाद्यातून निघणारा सर्वांत खालचा स्वर साधारण १४७ हर्ट्‌झचा असतो. हलकी व लवचीक पत्ती नळीतील दाबाच्या लाटेपुढे नमते. नळीत शिरलेली दाबाची लाट दुसऱ्या टोकाकडून परतते, पत्तीला ढकलते आणि पुढची उघडमीट केव्हा व्हावी हे ठरविते. छिद्रे उघडून नळीची परिणामी लांबी बदलली, की स्वर बदलतो. पत्ती मात्र तीच राहते.

नळीचा आकारही निर्णायक असतो. क्लॅरिनेटची नळी दंडगोलाकार असून पत्तीच्या बाजूने बंद नळीप्रमाणे वागते. म्हणून तिच्या खालच्या स्वरांत विषम क्रमांकाचे उपस्वर प्रबळ असतात. ओबो आणि सनई यांची नळी शंकूच्या आकाराची असल्याने सर्व क्रमांकांचे उपस्वर उमटतात आणि जोर वाढविल्यास वाद्य वरच्या सप्तकात जाते. सनईत वायुस्तंभाखेरीज आणखी एक सत्ता असते, ती वादकाच्या ओठांची. पत्ती ओठांत धरलेली असल्याने तिच्यावरील दाब, तिचा मोकळा राहिलेला भाग आणि फुंकेचा जोर वादक क्षणोक्षणी बदलू शकतो. त्याला छिद्रावरून हळूहळू सरकणाऱ्या बोटांची जोड मिळाली, की स्वर सलगपणे वर किंवा खाली नेता येतो. उस्ताद बिस्मिल्ला खान (१९१६–२००६) यांच्या वादनात ठुमरी आणि कजरी यांची गायकी उतरली, ती त्यांच्या प्रतिभेमुळे. परंतु त्या प्रतिभेला वाव देणारी रचना वाद्यातच होती.

३. मुक्त पत्तीचा प्रवास

मुक्त पत्तीचा इतिहास आशियात सुरू होतो. चीनच्या हूबेई प्रांतात १९७८ साली उत्खनन झालेल्या झेंग राज्याच्या मार्क्विस यी याच्या समाधीत, म्हणजे इ. स. पू. ४३३ च्या सुमारास, शेंग हे वाद्य ठेवलेले आढळले. तुंब्यासारख्या पात्रात उभ्या बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि प्रत्येक नळीच्या बुडाशी एक मुक्त पत्ती, अशी त्याची रचना असते. लाओस व ईशान्य थायलंडमधील खेन हे वाद्यही याच कुळातील. शेंगमध्ये पत्ती मुक्त असली तरी ती एकटी नसते. नळीचे छिद्र बोटाने बंद केल्यावरच पत्ती आणि वायुस्तंभ यांचा मेळ जमतो आणि नाद उमटतो. पत्ती चौकटीच्या समपातळीत असल्याने फुंकताना आणि श्वास ओढताना, दोन्ही वेळा ती वाजते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात या तत्त्वाचा गांभीर्याने विचार सुरू झाला. पेकिंगमधील जेझुइट धर्मप्रसारक जोझेफ मारी आमियो यांनी चिनी वाद्यांची माहिती पॅरिसला पोहोचविली. कोपनहेगनचे प्राध्यापक क्रिस्टियान क्रात्सेनश्टाइन यांनी मानवी स्वरोच्चारांचे अनुकरण करणाऱ्या नळ्या तयार केल्या. त्यांत मुक्त पत्त्यांचा उपयोग केला होता आणि त्यांना १७८० साली सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. वाद्यनिर्मितीच्या दिशेने ग्रेनिए यांनी १८१० साली फ्रान्समध्ये भात्याच्या दाबाप्रमाणे लहानमोठा आवाज देणारा ऑर्गन बनविला. १८२९ साली व्हिएन्नात डेमियान यांनी ॲकॉर्डियनचे एकस्व घेतले. १८४० च्या दशकाच्या प्रारंभी पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनी आपल्या वाद्याला हार्मोनियम हे नाव दिले.

या प्रवासात एक महत्त्वाचा बदल घडला. शेंगमधील नळी युरोपीय वाद्यांतून बहुतांशी नाहीशी झाली. पितळी पत्ती पुरेशी जाड व कठीण केली, की तिला वायुस्तंभाच्या आधाराची गरज उरत नाही. ती स्वतःच्याच वारंवारतेच्या अगदी जवळ, किंचित खालच्या स्वरात वाजते. प्रत्येक स्वराला एक पत्ती दिली, की नळ्यांचा पसारा टळतो आणि वाद्य घरात ठेवण्याजोगे होते. हार्मोनियमच्या पत्तीचा स्वर तिच्या जाडीच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कारागीर पत्तीचे टोक किंचित घासून तिचे वजन कमी करतो आणि स्वर चढवितो; मुळाशी घासून तिचा ताठरपणा कमी करतो आणि स्वर उतरवितो. एकदा असा जुळविलेला स्वर वादकाच्या हाती राहत नाही. भात्याचा दाब वाढविल्यास आवाज मोठा होतो, स्वराच्या उंचीत मात्र नगण्य फरक पडतो. हवामान बदलले तरी वाद्य सहसा बेसूर होत नाही, याचे श्रेय याच गुणाला आहे. जो गुण वाद्याला टिकाऊ व विश्वासार्ह बनवितो, तोच मींडीचा मार्ग रोखतो.

परंतु मुक्त पत्ती मुळातच मींडीला असमर्थ असते, असा निष्कर्ष येथे काढता येणार नाही. माउथ ऑर्गनचा वादक तोंडाची पोकळी आणि जिभेची ठेवण बदलून स्वर ठळकपणे उतरवू शकतो. तेथे मुखातील हवा हाच वादकाच्या नियंत्रणातील वायुस्तंभ असतो आणि तो पत्तीला थेट जोडलेला असतो. हार्मोनियममध्ये वादक आणि पत्ती यांच्यामध्ये भाता व हवेची पेटी येते. हा जोड तुटतो. म्हणून हार्मोनियमची मर्यादा ही पत्तीची नसून रचनेची आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

४. महाराष्ट्रातील पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्मोनियम हिंदुस्थानात रुजली. जमिनीवर बसून, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या चालविता येतील अशा सुटसुटीत पेटीच्या प्रसाराशी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीचे नाव जोडले जाते. पायाने भाता मारण्याची युरोपीय रचना येथील बैठकीला गैरसोयीची होती. हातपेटीने ही अडचण दूर केली.

महाराष्ट्रात हार्मोनियम आणि तिचा मोठा भाऊबंद ऑर्गन यांना प्रतिष्ठा मिळवून दिली ती संगीत रंगभूमीने. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगमंचावर आले आणि पुढील चार दशकांत नाट्यपदे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकाने हार्मोनियमला साथीच्या भूमिकेतून वर काढून स्वतंत्र वादनाचे माध्यम बनविले. १९११ च्या ‘मानापमान’ या नाटकाचे संगीतही त्यांचेच. कीर्तन, भजनी मंडळे, गायनशाळा आणि मध्यमवर्गीय घरांतील संगीतशिक्षण या सर्वांचा आधार पेटी बनली. सारंगी शिकण्यास वर्षे लागत आणि तिच्याभोवती तत्कालीन समाजाने निर्माण केलेले सामाजिक पूर्वग्रहही होते. पेटीवर सा लावण्यास मात्र कोणाचीही आडकाठी नव्हती.

या वाद्याने मराठी संगीतव्यवहाराच्या भाषेतही घर केले. गायकाचा स्वर ‘काळी एक’, ‘काळी पाच’ किंवा ‘पांढरी चार’ असा सांगण्याची पद्धत हार्मोनियमच्या पट्ट्यांवरूनच आली. पेटीला विरोध करणारे गायकही आपला षड्ज पेटीच्याच भाषेत सांगत, यातील विसंगती लक्षणीय आहे.

५. दोन आक्षेप

हार्मोनियमविरुद्ध विसाव्या शतकाच्या आरंभापासून आवाज उठू लागले. आनंद कुमारस्वामी यांनी तिच्यावर टीका केली; फॉक्स स्ट्रँगवेज यांनी १९१४ च्या ‘द म्युझिक ऑफ हिंदोस्तान’ या ग्रंथात तिचा कठोर शब्दांत निषेध केला. या टीकेचे विश्लेषण केल्यास तीत दोन स्वतंत्र आक्षेप एकत्र आलेले दिसतात.

पहिला आक्षेप सलगतेचा आहे. हार्मोनियमवर मींड, आंदोलन आणि गमक यथार्थपणे घेता येत नाहीत. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार हा एका स्थिर बिंदूवर उभा राहत नाही. हार्मोनियमची पत्ती मात्र एकाच बिंदूवर उभी असते. कणस्वर आणि भात्याचे कुशल नियंत्रण यांच्या साहाय्याने चांगला वादक मींडीचा आभास निर्माण करतो. परंतु तो आभासच असतो.

दुसरा आक्षेप स्वरस्थानांचा आहे. युरोपातून आलेल्या हार्मोनियमचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले होते. षड्ज २४० हर्ट्‌झचा धरल्यास नैसर्गिक शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणाने ३०० हर्ट्‌झचा येतो. समविभाजित सप्तकातील गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्‌झचा असतो. हा फरक लहान वाटतो. परंतु षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० हर्ट्‌झवर, तर या चढ्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ हर्ट्‌झवर येतो. दोन्ही एकत्र वाजताच सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात आणि कानाला खरखर जाणवते. पंचमाच्या बाबतीत हाच फरक सेकंदाला एका ठोक्याहूनही कमी असल्यामुळे पंचम खटकत नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून नैसर्गिक गंधार आपोआप उमटत असतो; त्याच्याशेजारी हार्मोनियमचा गंधार ऐकला, की विसंवाद उघड होतो.

येथे पत्तीचे ध्वनिशास्त्र पुन्हा महत्त्वाचे ठरते. पत्तीच्या तुटक झोतांमुळे उपस्वर प्रबळ असतात आणि भात्यामुळे स्वर अखंड टिकतो. म्हणून पियानोच्या विरत जाणाऱ्या स्वरात जो दोष सहज झाकला जातो, तो हार्मोनियममध्ये उघडा पडतो. हेल्महोल्ट्झ यांनी हीच गोष्ट युरोपीय संगीताच्या संदर्भात नोंदविली होती. त्यांनी श्टुटगार्टच्या शिडमायर यांच्याकडून नैसर्गिक स्वरांतरांची हार्मोनियम मुद्दाम तयार करवून घेतली आणि समविभाजित सप्तकाशी तिची तुलना केली. स्वरस्थानांविषयीची ही तक्रार केवळ भारतीय कानाची नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

सारांश, पहिला दोष वाद्याच्या रचनेत आहे. दुसरा दोष कारागिराच्या कानशीत आहे. पहिला दूर करावयाचा तर वाद्यच बदलावे लागेल. दुसरा दूर करण्यास पत्ती घासणे पुरेसे आहे.

६. देवल आणि क्लेमंट्स : अर्ध्या प्रश्नाचे उत्तर

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देण्याचा पद्धतशीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. गायकांच्या प्रत्यक्ष गायनातील स्वर मोजून त्यांची गणिती प्रमाणे मांडण्याचा त्यांचा आग्रह होता. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि १९१३ साली भारतीय संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे साहाय्य या प्रयोगांना लाभले. याच प्रयत्नांतून श्रुती हार्मोनियम तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न चर्चेला आला. त्यावर एकमत मात्र झाले नाही.

देवलांच्या कार्याचे मोल दुहेरी आहे. स्वरांविषयीचा वाद त्यांनी मताच्या पातळीवरून मापनाच्या पातळीवर आणला. तसेच हार्मोनियमचा एक दोष सुधारता येतो, हे त्यांनी तत्त्वतः दाखवून दिले. परंतु पट्ट्यांची संख्या वाढली, की वाजविणे अवघड होते. आणि बावीस स्थिर बिंदू हे बारा स्थिर बिंदूंप्रमाणेच स्थिर राहतात. श्रुती हार्मोनियमने स्वरस्थानांचा प्रश्न हाताळला. सलगतेचा प्रश्न जसाच्या तसा उरला. सुधारकांनी अर्ध्या प्रश्नाला उत्तर दिले आणि विरोधकांनी उरलेल्या अर्ध्याकडे बोट दाखवून ते उत्तर नाकारले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. ते एकाच गोष्टीविषयी बोलत नव्हते, एवढेच.

पुढील काळातही हा प्रयत्न थांबला नाही. नागपूरचे पं. मनोहर चिमोटे यांनी हार्मोनियममध्ये सुधारणा करून तिला ‘संवादिनी’ हे नाव दिले. एकविसाव्या शतकात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम विकसित केली. देवलांनी उपस्थित केलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही महाराष्ट्रात जिवंत राहिला, याची ही साक्ष होय.

७. १९४० ची बंदी आणि तिचे परिणाम

लायोनेल फील्डन ऑल इंडिया रेडिओचे नियंत्रक असताना हा वाद प्रशासकीय निर्णयाच्या टप्प्यावर आला. दिल्ली केंद्रातील पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख, इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स (१८८०–१९३९) यांनी १९३८ साली हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ टागोर यांनी कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून तिला नभोवाणीतून हद्दपार करण्याची भूमिका मांडली. १ मार्चपासून निर्णय अमलात आला. स्वातंत्र्यानंतरही तो कायम राहिला. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीतही हार्मोनियमला आकाशवाणीची दारे उघडली नाहीत.

बंदीचे स्वरूप पाहता ती दोन्ही आक्षेपांपैकी एकाचेही निराकरण करणारी नव्हती. स्वरस्थानांचा दोष खटकत असेल, तर विशिष्ट पद्धतीने जुळविलेल्या हार्मोनियमला मान्यता देणे शक्य होते. मींडीचा अभाव खटकत असेल, तर हार्मोनियमची जागा कोठे आहे आणि कोठे नाही, असा विवेक करता आला असता. आलापप्रधान गायनात जो अभाव जाणवतो, तो भजनात किंवा नाट्यपदात तितका बाधक नसतो. शिवाय मींड न येणारे हार्मोनियम हे एकच वाद्य नव्हे. संतूरवरही स्वर सलग ओढता येत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पं. शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांच्या वादनातून ते अभिजात संगीताच्या मैफलीत सन्मानाने स्थिरावले. मर्यादा असणे आणि अपात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

बंदीची किंमत वादकांना मोजावी लागली. नभोवाणी हा त्या काळात कलावंताच्या प्रसिद्धीचा आणि अर्थार्जनाचा प्रमुख आधार होता. पिढीजात वा व्यासंगी साथीदारांच्या संपूर्ण पिढीला तो नाकारला गेला. मैफलीत ज्या गायकाला पेटीची साथ असे, त्याच गायकाला आकाशवाणीवर तिच्यावाचून गावे लागे. दुसऱ्या बाजूस सारंगीला या धोरणाने काही काळ आश्रय मिळाला, हेही नोंदविले पाहिजे. त्या वाद्याच्या जतनात आकाशवाणीचा वाटा नाकारता येत नाही. १९७० च्या सुमारास या प्रश्नाची नव्याने चर्चा झाली आणि १९७१ पासून बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेली. प्रथम निवडक कलावंतांच्या साथीस परवानगी मिळाली. एकल वादनाला मात्र पुढेही दीर्घकाळ स्थान नव्हते. या काळात मैफलींच्या बळावर आप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांच्यासारख्या वादकांनी हार्मोनियमची परंपरा महाराष्ट्रात समृद्ध ठेवली.

समारोप

पत्तीयुक्त वाद्यांचे ध्वनिशास्त्र आणि हार्मोनियमचा वाद यांचा एकत्रित विचार केल्यावर पुढील निष्कर्ष संभवतात.

पहिला निष्कर्ष असा, की पत्तीयुक्त वाद्याचा स्वभाव केवळ पत्तीवरून ठरत नाही. पत्तीला कोण आज्ञा देतो यावर तो अवलंबून असतो. क्लॅरिनेट आणि सनई यांत वायुस्तंभ व वादकाचे ओठ, माउथ ऑर्गनमध्ये मुखाची पोकळी, तर हार्मोनियममध्ये पत्तीची स्वतःची घडण ही आज्ञा देते. वेबर यांनी १८२७ साली हाताळलेला प्रश्न मींडीच्या चर्चेचा शास्त्रीय पाया आहे.

दुसरा निष्कर्ष असा, की हार्मोनियमवरील सलगतेचा आक्षेप आणि स्वरस्थानांचा आक्षेप वेगवेगळे मानले पाहिजेत. पहिला वाद्याच्या रचनेतून येतो व त्याला मर्यादा म्हणून स्वीकारावे लागते. दुसरा जुळवणीतून येतो व तो सुधारता येतो. देवल–क्लेमंट्स यांचे प्रयत्न आणि १९४० ची बंदी या दोहोंचे मूल्यमापन हा भेद लक्षात घेतल्यावाचून न्याय्य होणार नाही.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. महाविद्यालयांत भौतिकशास्त्राचा विभाग पत्तीचे कंपन शिकवितो, संगीताचा विभाग श्रुती शिकवितो आणि इतिहासाचा विभाग नभोवाणीचे धोरण शिकवितो. तिघांचा विषय एकच पेटी असू शकते, हे विद्यार्थ्याला सहसा कळत नाही. एका निर्णयाने कलावंतांच्या एका पिढीचे तीस वर्षांचे व्यासपीठ हिरावले गेले आणि त्या निर्णयामागील युक्तिवाद तपासण्यासाठी लागणारे ज्ञान त्या काळीही ग्रंथांतून उपलब्ध होते. ते ज्ञान असणारे आणि निर्णय घेणारे यांच्यात संवाद नव्हता. ज्ञानशाखांमधील भिंती किती महाग पडू शकतात, याचे हार्मोनियमचा वाद हे एक ठळक ऐतिहासिक उदाहरण आहे.